उलटं धरलेलं म्यान

त्या दिवशी बाबांचा पहिला टोमणा सव्वासातला आला. रोजच्यापेक्षा पंधरा मिनिटं उशिरा. पण त्यावरून पुढचं काही ओळखता आलं असतं असं नाही. दिवस अगदी नेहमीसारखाच उगवला होता.

"हा चहा प्यायला दिलास की चूळ भरायला?"

कप अर्धाच भरलेला होता. गेली चार वर्षं ती त्यांना अर्धाच कप द्यायची आणि तो संपला की पुन्हा अर्धा. भरलेला कप त्यांच्या हातात हिंदकळायचा, आधी बशीत सांडायचा आणि मग सदऱ्यावर. हे दोघांनाही माहीत होतं. तरी रोज सकाळी कपाच्या कंजूषपणावरून तिचा उद्धार व्हायचा आणि ती मूग गिळून दुसरा अर्धा कप आणायची. बाबांचा हात थरथरतो, हे वाक्य त्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारायला घरात होतं तरी कोण? ती आणि बाबा. बाबा उच्चारणं शक्य नव्हतं, आणि तिला न बोलण्याची सवय लागली होती.

घर तीन खोल्यांचं. आई गेली त्याच वर्षी बाबांनी बाहेरच्या खोलीतला कारखाना स्वयंपाकघरात आणला. शेगडी गॅलरीत गेली. जेवणाच्या टेबलावर दाब आला, म्हणजे बिजागरीनं जोडलेल्या दोन जाड फळ्या आणि त्यांच्या आत चार बोटं जाडीचा घट्ट फोम. आई ज्या ओव्हनमध्ये केक भाजायची, त्यात आता काळ्या प्लास्टिकचे तक्ते भाजले जाऊ लागले. त्यांची काळी भुकटी खिडकीच्या गजांवर बसायची, बरण्यांच्या झाकणांवर बसायची, नाक शिंकरलं तर रुमालावर यायची.

बाबा सुऱ्यांची म्यानं करत. गिऱ्हाइकानं आपली सुरी आणून द्यायची आणि तिच्याच अंगाचं म्यान घेऊन जायचं. दुकानात मिळणाऱ्या म्यानात सुरी खुळखुळते. बाबांच्या म्यानात ती टक् करून बसायची, आणि अंगठ्यानं रेटा दिल्याशिवाय बाहेर यायची नाही. खाटीक यायचे, माळी यायचे, लाकूड कोरणारी एक बहिरी म्हातारी यायची. गावभर सुऱ्या सांभाळून न्यायची गरज असलेले जेवढे लोक होते, तेवढे सगळे बाबांना 'म्यानवाले' म्हणून ओळखत. तयार म्यानावर बाबा पितळी ठशानं एक छोटा अर्धचंद्र उमटवत. चंद्र आहे म्हणजे माल बाबांचा.

काम सांगायला सोपं आहे. पात्याला कागदी टेपचे दोन थर गुंडाळायचे, म्हणजे पुढे पातं आत जायला केसभर जागा राहते. तक्ता ओव्हनमध्ये ओल्या चामड्यासारखा लुळा होईपर्यंत तापवायचा, जाड हातमोजे घालून सुरीभोवती दुमडायचा, झटकन दाबाखाली घालायचा आणि शिकंजे आवळायचे. मग पंधरा मिनिटं हात बांधून बसायचं. सगळं कसब या बसण्यात आहे. गरम असताना दाब उघडला तर प्लास्टिक थोडं मागं सरतं, ओठ सैल पडतात, आणि सुरी टक् न करता नुसती खस् करून आत जाते.

या प्लास्टिकचा आणखी एक गुण आहे. ते पुन्हा तापवलं की घेतलेला आकार सोडून देतं आणि मूळचा सपाट तक्ता होऊन पडतं.

हा गुण तिला बाबांनी शिकवला. सात वर्षांपूर्वी ती सासर सोडून माहेरी आली, तेव्हा चौतीस वर्षांची होती. दोन महिने नुसतं बसून काढल्यावर तिनं आपणहून एक म्यान करून पाहिलं. सकाळभर खपून केलं. बाबांनी ते हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. ओव्हन लावला, म्यान आत ठेवलं, आणि काचेसमोर स्टूल ओढलं.

"बस," ते म्हणाले. "बघ."

ती बसली. तीन मिनिटांत म्यानानं तोंड उघडलं, अंग ताणलं आणि जाळीवर आडवं पसरलं.

"वाईट काय वाटून घेतेस?" बाबा म्हणाले. "तूसुद्धा तिकडून सपाट होऊनच आलीस ना? आता नव्यानं वळण लावायला हरकत नाही."

अशी अठरा म्यानं तिनं काचेतून पाहिली. कधी ओठ सैल, कधी टोक वाकडं, कधी काही दोषच नाही. "मला आवडलं नाही" एवढंच कारण. एकदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं तर बाबा म्हणाले, "प्लास्टिक बघ कसं शहाण्यासारखं सगळं विसरतं. तुझा मात्र सुंभ जळला तरी पीळ जात नाही." एकोणिसावं म्यान त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, फळीवर ठेवलं आणि हात धुवायला गेले. शाबासकी म्हणतात ती हीच, हे तिला तेव्हा कळलं. नंतर तिनं दुसऱ्या शाबासकीची वाट पाहिली नाही. म्हणजे, पाहत नाही असं ती स्वतःला सांगत आली.

मग बाबांचा हात थरथरू लागला. आधी करंगळी, मग सगळा पंजा. कामं एकेक करून तिच्याकडे आली आणि कुणी कुणाला काही सांगितलं नाही. तापवणं तिचं, दुमडणं तिचं, करवत, भोकं, रिबिटं, घासणं, धुणं, सगळं तिचं. गिऱ्हाइकाची बेल वाजली की बाबा तयार म्यान मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसायचे आणि पॉलिश पेपरनं त्याची कड उगीच एकदोनदा गोंजारायचे. "मुलगी मदत करते घासायला," असं म्हणायचे. "रिकाम्या डोक्यात नसते विचार येतात, त्यापेक्षा बरं."

आणि मग परीक्षा व्हायची.

ही परीक्षा बाबांची जुनी होती. म्यानात सुरी बसवायची, म्यान उलटं धरायचं, मूठ खाली, आणि तीनदा जोरात हलवायचं. सुरी पडता कामा नये. आणि पडली तर कुठे पडेल? खाली दुसऱ्याचा उघडा तळहात. पूर्वी तो तळहात आईचा होता. "तीस वर्षं हिनं हात धरला," बाबा सांगायचे, "एक ओरखडा दाखवा." आई हसायची. आईला तेव्हा भीती वाटायची की नाही, हे तिनं कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला आई नव्हती.

आईनंतर हात तिचा. "हात पुढे कर," बाबा म्हणायचे, आणि ती उजवा हात पुढे करायची. जोरात हलवणाऱ्या हाताची थरथर दिसत नाही, हे बाबांना बरोबर ठाऊक होतं. बघणारे जीभ चावायचे. मोठ्या बाजारातला खाटीक तर दर वेळी तोंड फिरवायचा. "म्यानवाले, दिवसभर मी हाडं तोडतो, पण हे मला बघवत नाही," म्हणायचा. आणि मग तिच्याकडे वळून, "पोरी, धन्य आहे बाई तुझी. बापावर एवढा विश्वास!"

विश्वास होताच. फक्त तो बापावर नव्हता. म्यान तिनं स्वतः केलेलं असायचं, टक् तिनं स्वतः ऐकलेलं असायचं, त्यामुळे तळहाताला घामसुद्धा यायचा नाही.

तर त्या सकाळी, दुसरा अर्धा कप देताना, तिनं विचारलं. कितीतरी दिवस जिभेच्या टोकावर असलेलं, हजारदा गिळलेलं, शेवटी साध्या आवाजात बाहेर आलं.

"बाबा, चंद्राशेजारी एक टिंब मारू का?"

"कसलं टिंब?"

"साधंच. खिळ्याच्या टोकानं. बारीक."

"कशाला?"

"मी केलेल्यांवर."

बाबांनी कप खाली ठेवला. बराच वेळ त्यांना बशी सापडत नव्हती, ती तिनं पुढे सरकवली नाही.

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ऐकलंयस कधी?" ते म्हणाले. "टिंब म्हणे! कोण ओळखतं तुला? लोक चंद्र बघून येतात. उद्या विचारतील, हे टिंब कसलं हो? मी काय सांगू? ही आमची परत आलेली मुलगी, हिला नवरा सांभाळता आला नाही, आता माझा धंदा सांभाळते?"

तिनं टेबलावर सांडलेला चहा पुसला.

"चार तुकडे वाकवायला आले की कारागीर होत नाही माणूस. उंटावरून शेळ्या हाकायला कुणीही हाकतं. आज तो खाटीक येतोय ना? त्याचं मी करतो. त्याच्यासमोर. तू बाजूला उभी राहा आणि शिक."

खाटीक अकराला आला. हाडापासून मांस सोडवायची नवी सुरी त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. निमुळतं, लवचिक पातं, वीतभर लांब. "म्यानवाले, जुनी सुरी सासूसारखी झाली होती," तो म्हणाला. "धार गेली, कुरकुर राहिली. ही नवी आणलीय. हिला घर द्या."

"बसा," बाबा म्हणाले. "अर्ध्या तासात देतो. आज समोर बघा."

टेप त्यांनी स्वतः गुंडाळली, सुरकुत्यांसकट. तक्ता तापला. मग त्यांनी हातमोजे घातले, आणि जाड हातमोज्यांच्या आत थरथर कुठल्या कुठे नाहीशी झाली. लुळा तक्ता त्यांनी उचलला आणि पात्याभोवती असा अलगद दुमडला की तिचा श्वास अडकला. कड कडेवर बसली, एका हालचालीत, न बघता. तिला हे अजून दोन हालचालींत जमत होतं. लहानपणी दारात उभी राहून ती ज्या माणसाकडे बघायची तो क्षणभर टेबलाशी उभा होता. त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर तिनं टिंब काय, सगळंच सोडून दिलं असतं.

दाब बंद झाला. शिकंजे तिनं आवळले. भिंतीवरचं घड्याळ अकरा चोवीस दाखवत होतं.

बाबा खाटकाला जुन्या गोष्टी सांगू लागले. खाटकानं एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दुकानात पोऱ्या एकटाच आहे," एवढंच म्हणाला तो, आणि तेही सहज. बाबा उठले. अकरा एकोणतीस झाले होते.

"झालं," म्हणत त्यांनी शिकंजे सोडले.

तिनं घड्याळाकडे पाहिलं. मग बाबांकडे. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. म्यान बाहेर आलं तेव्हा त्यातून अजून वाफ निघतेय असं वाटावं इतकं गरम होतं, आणि तिच्या डोळ्यांसमोर त्याचे ओठ जराजरा उघडले. केसभर. ज्याला ठाऊक नाही त्याला दिसलंही नसतं.

"घे, घासायचं तुझं काम," बाबा म्हणाले.

पुढची वीस मिनिटं ते म्यान तिच्या हातात होतं. तिनं करवतीनं कड कापली, भोकं पाडली, तीन रिबिटं मारली, पाण्यानं आतली भुकटी धुतली, पुसलं. मग टेप काढून सुरी आत सरकवून पाहिली. खस्. पुन्हा काढली, पुन्हा सरकवली. खस्. गरम हवा सोडणारी हीट गन तिच्या खांद्याजवळच्या खिळ्याला टांगलेली होती. मुठीजवळच्या जागेला अर्धा मिनिट गरम हवा आणि अंगठ्याचा दाब, की सुरी टक् करून बसली असती. बाबांना कळलंही नसतं. चार वर्षं त्यांना न कळता तिनं यापेक्षा मोठ्या गोष्टी सावरल्या होत्या.

तिनं हीट गनकडे पाहिलं आणि म्यान बाबांच्या हातात दिलं.

बाबांनी ठसा मेणबत्तीवर तापवला आणि चंद्र मारला. हातमोजे आता नव्हते. चंद्राला दोन कडा आल्या, पाण्यात दिसतो तसा.

"हात पुढे कर," बाबा म्हणाले.

बाबा, ढिलं आहे. बोलायला तीन शब्द होते. तिनं ते मनात नीट जुळवले, ओठांपर्यंत आणले आणि तिथेच ठेवून दिले. रोज ती उजवा हात द्यायची. त्या दिवशी तिनं डावा पुढे केला.

खाटकानं तोंड फिरवलं. बाबांनी एकदा हलवलं. काही झालं नाही. दुसऱ्यांदा हलवलं. तिसऱ्यांदा म्यान वर गेलं आणि खाली आलं, आणि सुरी निघाली. मूठ तिच्या मनगटावर आदळली, पातं वळलं आणि अंगठ्याखालच्या मांसात रुतलं. दुखलं नाही. आधी नुसतं गार वाटलं. मग रक्त बाबांच्या सपातेवर पडलं.

"अरे देवा!" खाटीक उठला. गळ्यातला पंचा त्यानं एका झटक्यात तिच्या हाताभोवती आवळला, हात वर धरायला लावला, बोटं एकेक हलवून पाहिली. "हाडापर्यंत नाही गेलं. शीरही वाचली. बोटावर निभावलं, पोरी. टाके पडतील दोनचार."

बाबा होते तिथेच उभे होते. त्यांच्या हातात म्यान अजून उलटं होतं. ते आता कुणी हलवत नव्हतं, आतली सुरीही गेली होती, तरी ते हलत होतं. खाटकानं ते पाहिलं. त्यानं पाहिलं हे बाबांनीही पाहिलं. बाबांनी ते पाहिलेलं तिनं पाहिलं, आणि तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सुरी तिथेच ठेवून खाटीक निघाला. बाबा त्याला दारापर्यंत पोचवायला गेले आणि दार मागे ओढून घेतलं. पलीकडे दोघं काहीतरी बोलले. ती नळाखाली हात धरून उभी होती. तिला नुसती कुजबुज ऐकू आली.

आत येऊन बाबा म्हणाले, "हातसुद्धा नीट धरता येत नाही तुला."

टाके घालून ती दुपारी परत आली. म्यान टेबलावर पडलं होतं. तिनं एका हातानं ड्रिल धरलं, म्यान गुडघ्यात दाबलं आणि तिन्ही रिबिटं उडवली. ओव्हन लावला. म्यान जाळीवर ठेवलं. मग स्टूल ओढून काचेसमोर आणलं आणि बाबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"या," ती म्हणाली. "बसा. बघा."

ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते उठले, आले, आणि स्टुलावर बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून ठेवले होते, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखे. आधी चंद्र गेला. प्लास्टिक ठसासुद्धा विसरतं. मग तोंड उघडलं, मग अंग पसरलं. भोकं तेवढी राहिली. बाबांनी शेवटपर्यंत पाहिलं.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. आडवे झाले. ती पाण्याचा तांब्या ठेवायला गेली तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "उद्या त्याचं दुसरं करून ठेव. चंद्र मी मारतो."

सकाळी सव्वासात झाले. साडेसात झाले. अर्धा कप घेऊन ती खोलीत गेली. बाबा तसेच होते, भिंतीकडे तोंड करून. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, काही कळलंही नसेल. सगळे म्हणाले, भाग्यवान. ती स्वयंपाकघरात परत आली तेव्हा कप तिच्या हातातच होता. तिनं तो ओट्यावर ठेवला आणि किटलीतून काठोकाठ भरला. थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग ओतून दिला.

आत्या आली आणि राहिली. बाबांची थोरली बहीण, जिभेला हाड नसलेली. "हाताला काय झालं गं?" तिनं आल्याआल्या विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "नेमकी याच वेळी दुखणी काढायची तुला. भेटायला येणारे लोक तुझा हात बघतात, त्याच्या फोटोकडे कुणी बघत नाही." दुपारी झोपायच्या आधी ती रडायची, मनापासून, आणि उठल्यावर हिशेबानं बोलायची. "आता हा पसारा काढून टाक. ओव्हन नीट घासून घे, निदान काही भाजता तरी येईल. काम तर त्याच्याबरोबर गेलं."

"काम आहे," ती म्हणाली.

"कोण करणार? तू? घासणं वेगळं आणि करणं वेगळं, बाई."

पाचव्या दिवशी, आत्या झोपलेली असताना, तिनं खाटकाचं म्यान केलं. डावा हात नुसता टेकू म्हणून वापरता येत होता. टेप दातांनी तोडली. तक्ता दुमडताना तिनं डोळे मिटले आणि एका हालचालीत दुमडला. कड कडेवर बसली. पंधरा मिनिटं ती स्टुलावर बसून राहिली, घड्याळाकडे न बघता. सुरी आत घातली. टक्. एवढासा आवाज, पण पलीकडच्या खोलीत आत्यानं कूस बदलली. ठसा तिनं हातात घेतला आणि परत ठेवला. चंद्र मी मारतो, असं ते म्हणाले होते. तिनं ती जागा कोरी ठेवली.

दहाव्या दिवशी खाटीक भेटायला आला. स्वच्छ सदरा घातला होता, नखंसुद्धा घासून आला होता. खुर्चीच्या कडेवर बसला आणि बराच वेळ बाबांच्या फोटोकडे बघत राहिला.

"असा माणूस होणे नाही," तो म्हणाला.

"नाहीच हो," आत्या म्हणाली.

"मला त्या दिवशीचंच आठवतंय सारखं. माझ्यासमोरच ते सगळं... पोरी, हात कसा आहे?"

"बरा आहे, काका."

"तू मनाला लावून घेऊ नकोस. चूक होते. त्यांनी मला दारात सांगितलं सगळं."

"काय सांगितलं?"

खाटकानं आत्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हेच, की ते म्यान तू केलेलं होतं. शिकंजे आवळणं, कापणं, रिबिटं, सगळं. तुझं मन राखायला म्हणून त्यांनी माझ्यासमोर नुसतं दुमडून दिलं. म्हणाले, पोरीनं हट्ट धरला होता, एकदा माझ्या हातचं चालू दे. म्हणाले, माझ्या हातचं असतं तर पडलं असतं का? उद्या मी स्वतः करून ठेवतो, घेऊन जा."

ती आत गेली आणि म्यान घेऊन आली. सुरी आत होती.

खाटकानं ते दोन्ही हातांत घेतलं. सुरी अंगठ्यानं ढकलून काढली, परत घातली. टक्. पुन्हा काढली, पुन्हा घातली. त्याचे डोळे भरून आले.

"केलंच म्हणजे त्यांनी. शब्द पाळला."

"आणि हे बघा," आत्यानं बोट ठेवलं. "चंद्र नाही यावर. मारायच्या आधीच गेला हो बिचारा!" तिनं पदर डोळ्यांना लावला. "शेवटची निशाणी ही. बघ गं, बघ. याला म्हणतात हात."

"हे मी वापरणार नाही," खाटीक म्हणाला. "काचेत ठेवीन दुकानात. लोकांना सांगेन."

"तो करायचा तशी परीक्षा होऊ दे एकदा," आत्या म्हणाली. "शेवटची. त्याच्या आत्म्याला बरं वाटेल. धर गं हात."

"आत्या, हात तुझा धर," ती म्हणाली.

"माझा? मला साखरेचा आजार आहे, जखम भरत नाही माझी." आत्यानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माझा धरा," खाटीक म्हणाला. तो उभा राहिला, त्यानं बाही वर सारली आणि उजवा हात पुढे केला. रुंद, जाड, ठिकठिकाणी जुने व्रण असलेला तळहात. "इतकी वर्षं मी तोंड फिरवलं. आज नाही फिरवणार. म्यानवाल्यांच्या कामावर माझा विश्वास आहे. कर पोरी, उलटं धर."

तिनं म्यान उजव्या हातात घेतलं आणि उलटं धरलं. मूठ खाली, बरोबर त्याच्या तळहातावर. तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता. भिंतीवरून बाबा बघत होते, नेहमीसारखे, काहीतरी चुकेलच अशा नजरेनं.

"काका," ती म्हणाली, "हात मागं घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या. हे बाबांनी केलेलं नाही. मी केलंय."

खाटकाचा हात मागं गेला नाही, पण बोटं आपोआप मिटली. आत्यानं पदर खाली केला. "काय बडबडतेस? समोर फोटो आहे त्याचा!"

"असू दे. त्यांच्यासमोरच सांगते." म्यान अजून उलटंच होतं. "गेली चार वर्षं या घरातून गेलेलं प्रत्येक म्यान मी केलंय. माझ्या हातावर पडलं ते एकच बाबांचं होतं. आणि ते पडणार हे मला ठाऊक होतं, काका. रोज मी उजवा हात देते. त्या दिवशी मी डावा दिला."